पेठांतला पायी खेळ : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून नेलेल्या पाकिटात आपल्याला नकाशा सापडणार नाही. त्यात सूचना लिहिलेल्या पत्त्यांचा एक जोड, एक पेन्सिल आणि घडी घातलेला कोरा कागद असतो. चालता चालता त्या कागदावर आपणच आपला नकाशा काढायचा असतो. पुण्यातील कसबा आणि सोमवार या पेठांसाठी चित्रकारांनी हा खेळ रचला आहे. जुन्या वास्तूंची माहिती सांगत फिरवणाऱ्या चांगल्या सहली शहरात होतात आणि ज्यांना इतिहास ऐकायचा आहे त्यांनी त्या सहलींनाच जावे, असे आम्ही मोकळेपणाने सांगतो.

निरुद्देश चालण्याला कलेचे रूप देण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये १९५० च्या दशकात गी दबोर हा फ्रेंच लेखक आणि त्याच्या सोबत्यांनी रोजची कामाची वाट सोडून, रस्ता नेईल तिकडे जाण्याची पद्धत मांडली; त्याचा एक मित्र तर लंडनचा नकाशा प्रमाण मानून जर्मनीतील हार्त्सच्या डोंगराळ भागात हिंडला होता. पुढे २००१ साली ब्लास्ट थिअरी या ब्रिटिश कलाकारगटाने शेफील्डच्या रस्त्यांवर असा पाठलागाचा खेळ मांडला, ज्यात पळणारे खेळाडू संगणकावर होते आणि पाठलाग करणारे प्रत्यक्ष रस्त्यावर धावत होते. आमच्या खेळात मात्र मोबाइल खिशातच राहतो.

दोघांनी किंवा तिघांनी मिळून खेळावे. एका वेळी एकच पत्ता उघडायचा आणि त्यावरची सूचना पुरी झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. एका पत्त्यावर ‘ठोक्यांच्या आवाजामागे जा’ एवढेच लिहिले आहे. कसबा पेठेत तो आवाज बहुधा तांबट आळीत नेतो, जिथे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने मठारकाम चालते. ठोक्याशेजारी ठोका पडत जातो तशी भांड्याला बळकटी आणि चकाकी येते. कारागीर कामात असतील तर दारातूनच पाहावे आणि मध्येच प्रश्न विचारू नयेत.

दुसरा पत्ता साखळीने बांधलेला गेंडा शोधायला सांगतो. तो सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीच्या देवळाच्या दर्शनी भिंतीवर कोरलेला आहे. या देवळाचे बांधकाम १७५४ साली सुरू झाले. उत्तर येथेच सांगून टाकल्याने काही बिघडत नाही, कारण कसब्यातून नागझरीचा ओढा ओलांडून तिथवर पोहोचताना कोणता बोळ धरायचा, हे प्रत्येक गट स्वतः ठरवतो आणि खरा खेळ त्या निवडीतच आहे.

वाड्यांमध्ये आजही कुटुंबे राहतात, म्हणून परवानगीवाचून चौकात शिरू नये आणि कोणाचेही छायाचित्र न विचारता काढू नये. गुण, वेळेची मर्यादा किंवा बक्षीस यांपैकी काहीही नाही. थकल्यास चहा घेऊन थांबावे. उरलेले पत्ते पुढच्या खेपेला चालतात. पाकीट परत करण्याची गरज नाही, मात्र आपण काढलेल्या नकाशाची प्रत दिल्यास ती आमच्या दुकानाच्या भिंतीवर आपल्या संमतीने लावू.