‘प्रोफोंदो रोस्सो’ आणि ‘सुस्पिरिया’: एक जाल्लो, दुसरा नाही

इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोचे हे दोन चित्रपट, १९७५ चा आणि १९७७ चा, सर्रास एकाच माळेत ओवले जातात. दोन्हींत गॉब्लिन बँडचं संगीत, भडक लाल रंग आणि अर्धवट पाहिलेलं किंवा ऐकलेलं आठवण्याची धडपड आहे. तरी पाहताना दोघांकडून वेगळी अपेक्षा ठेवावी लागते.

जाल्लो म्हणजे इटालियनमध्ये पिवळा. मोंदादोरी प्रकाशनानं १९२९ पासून पिवळ्या मुखपृष्ठांच्या रहस्यकादंबऱ्या काढल्या आणि रंगाचंच नाव त्या प्रकाराला, आणि पुढे तशा रहस्यपटांनाही पडलं. जाल्लोत अतींद्रिय काही आलं तरी खुनी हाडामांसाचाच निघतो.

‘प्रोफोंदो रोस्सो’त परामानसशास्त्राच्या परिषदेत हेल्गा या मनकवड्या बाईला प्रेक्षकांत बसलेल्या खुन्याची चाहूल लागते. त्याच रात्री तिचा खून होतो. मार्कस हा पियानोवादक धावत तिच्या घरात शिरतो, चित्रांनी भरलेल्या बोळातून जातो, आणि तिथलं काहीतरी नंतर नाहीसं झालंय असं त्याला वाटत राहतं. इथून पुढे अतींद्रिय शक्तीची गरजच उरत नाही. त्या बोळात तुम्हालाही सगळं दाखवलेलं असतं, म्हणून तेव्हा मोबाइलकडे बघू नका. खुनाआधी वाजणारं लहान मुलांचं गाणंसुद्धा टेपवरचं असतं, कुणीतरी लावलेलं.

‘सुस्पिरिया’च्या सुरुवातीला विमानतळाचं काचेचं दार उघडलं की संगीत ऐकू येतं, मिटलं की थांबतं. ते वाजवणारं कुणीच नाही! जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या नृत्यशाळेत शिकायला आलेली सूझीही पावसात कानावर पडलेले तुटक शब्द जुळवते, त्यामुळे जाल्लोचा भास होतो. पण इथे संशयितांची यादी करत बसलात तर निराशाच पदरी पडेल, कारण धागा थेट चेटकिणींकडे जातो. आपल्याकडे रहस्यकथा आणि गूढकथा असा जो भेद करतात, तोच इथे लागू पडतो.

‘सुस्पिरिया’ची आवृत्ती निवडताना फार डोकं लावावं लागत नाही, फक्त टीव्हीचा रंग भडक करणारा ‘व्हिविड’ मोड बंद ठेवा, नाहीतर लाल रंगात चेहऱ्यांचे बारकावे बुडतात. ‘प्रोफोंदो रोस्सो’चं मात्र तसं नाही. मूळ इटालियन आवृत्ती सुमारे १२६ मिनिटांची, परदेशांसाठी कापलेली इंग्रजी सुमारे १०५ मिनिटांची. कापाकापीत मार्कस आणि पत्रकार जान्ना यांची नोकझोक बरीच गेली, आणि चित्रपटाला श्वास देणारी तीच आहे. लांब आवृत्ती इंग्रजी ट्रॅकवर लावली तर पात्रं मध्येच इटालियन बोलू लागतात. डिस्क बिघडलेली नसते, त्या प्रसंगांचं इंग्रजी डबिंगच नाही. इटालियन ट्रॅक लावा आणि सबटायटल्स त्याच लांबीच्या आवृत्तीची घ्या, नाहीतर पहिल्या कापलेल्या प्रसंगापासूनच ती मागेपुढे होतात. टीव्हीचा झूमही काढून टाका: चौकट २.३५:१ ची रुंद आहे आणि अर्जेंतो कडेची जागा वाया घालवत नाही.