धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटा: अर्ज पहिल्याच दिवशी करा

जसलोक, बॉम्बे हॉस्पिटल, हिंदुजा, लीलावती ही नावं ऐकली की ‘आपल्याला कुठे परवडणार’ म्हणत लोक मागे फिरतात. ही रुग्णालयं सार्वजनिक न्यास (पब्लिक ट्रस्ट) म्हणून नोंदलेली, म्हणजे धर्मादाय आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक.

अर्ज रुग्णालयातल्या सोशल वर्करकडे करायचा. सोबत रुग्णाचं आधार, रेशनकार्ड आणि डॉक्टरांचे कागद न्या.

घोडं अडतं ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. योजनेत तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड/दारिद्र्यरेषेचं कार्ड, यापैकी काहीही चालतं असं लिहिलेलं आहे. तरी काउंटरवर ‘दाखलाच आणा’ असं सांगून माणसाला परत पाठवतात, हे चूक आहे. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर तेच पुढे करा आणि ठामपणे बोला. पांढरं कार्ड असलेल्यांनीही आशा सोडू नये. वर्षाला १ लाखाच्या वर उत्पन्न गेलं की पांढरं कार्ड मिळतं, म्हणजे दीड लाख कमावणारं घर पांढऱ्या कार्डावर असूनही निर्धनच ठरतं. फक्त त्यांना दाखला लागतो.

हा दाखला सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून निघतो. सेवा हक्क कायद्यात मुदत १५ दिवसांची, आणि आजार काही १५ दिवस थांबत नाही. घरकाम किंवा नाक्यावरची मजुरी करणाऱ्यांकडे पगाराची पावती नसते, त्यांनी स्वयंघोषणापत्र द्यावं. मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळचा दाखला घेऊन येणारे पुष्कळ असतात. तो कधीपर्यंत वैध आहे ते दाखल्यावरच छापलेलं असतं, निघण्याआधी वाचा. नगरसेवकाचं किंवा आमदाराचं पत्र उत्पन्नाचा पुरावा होत नाही. घरात कुणी दीर्घ आजारी असेल तर कृपा करून दाखला आजच काढून ठेवा.

दुसरी अडचण वेळेची. बिल हातात पडल्यावर, डिस्चार्जच्या दिवशी लोक सोशल वर्करची खोली शोधत येतात. तोवर रुग्ण सेमी-प्रायव्हेट खोलीत राहिलेला असतो, डिपॉझिट भरलेलं असतं, आणि मग काही होत नाही. दाखल होतानाच ‘निर्धन रुग्ण योजनेतून खाट हवी’ असं सांगा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या.

तातडीचा रुग्ण असेल तर कागदांचा प्रश्नच नंतरचा. रुग्णालयाने त्याला लगेच दाखल करून घ्यायचं, प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करायचे आणि डिपॉझिट मागायचं नाही, असं योजनेतच नमूद आहे. रात्री दोन वाजता कुणी अडवलं तर हेच वाक्य सांगा.

निर्धन रुग्णाची औषधं आणि इम्प्लांटचा (शरीरात बसवायच्या साधनांचा) खर्च निर्धन रुग्ण निधीतून होतो. त्यासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम बाजूला काढतं. दुर्बल घटकातल्यांना मात्र या वस्तूंच्या बिलाचा निदान निम्मा भाग भरावा लागतो. ‘सगळं फुकट’ समजून आलेल्यांचे यावरूनच वाद होतात.

‘खाटा भरल्या आहेत’ हे उत्तर सर्रास मिळतं. रिकाम्या राखीव खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर असते, ती आधी पाहा. तरीही नकार आला तर तो लेखी मागा. लेखी देत नसतील तर ज्याने नकार दिला त्याचं नाव, पद, तारीख आणि वेळ लिहून घ्या. शिक्क्याची प्रत जोडून वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार द्या, आणि तिथेही पोच घ्यायला विसरू नका.