इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची सुरक्षित आंतरजोडणी

रुग्णालये, दवाखाने, रोगनिदान प्रयोगशाळा आणि औषधालये यांच्या वेगवेगळ्या संगणक प्रणालींत साठवलेल्या रुग्णाच्या नोंदी सर्वमान्य प्रमाणकांनुसार आणि ठरलेल्या सुरक्षा-नियमांच्या चौकटीत एका प्रणालीतून दुसरीत पाठवता येणे, व तेथे त्या मूळ अर्थानिशी वापरता येणे, याला आरोग्य नोंदींची आंतरजोडणी म्हणतात. प्रणालींच्या या क्षमतेला आंतरकार्यक्षमता अशी संज्ञा आहे. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९० मध्ये केलेल्या व्याख्येत दोन अटी आहेत : माहितीची देवाणघेवाण करता आली पाहिजे आणि मिळालेली माहिती वापरता आली पाहिजे. पहिली अट पुरी करणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. या क्षेत्रातील बहुतेक श्रम आणि बहुतेक अपयश दुसऱ्या अटीपाशी आढळतात. स्कॅन केलेला तपासणी अहवाल ईमेलने पाठवला तर तो डॉक्टरांना वाचता येतो, पण त्यातील क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या रक्तातील घटकाचे) मूल्य संगणकाला कळत नाही, त्यामुळे मूत्रपिंडावर ताण आणणारे औषध लिहिले जात असताना प्रणाली कोणताही इशारा देऊ शकत नाही.

एकाच रुग्णालयातही नोंदणी, प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग, औषधभांडार आणि बिले यांच्या प्रणाली बहुधा निरनिराळ्या कंपन्यांच्या असतात. अशा दहा प्रणाली परस्परांशी थेट जोडायच्या तर ४५ जोडण्या लागतात, आणि त्यांतील एका प्रणालीची आवृत्ती बदलली की तिच्या नऊही जोडण्या नव्याने तपासाव्या लागतात. सर्वांनी एकच सामाईक स्वरूप मान्य केले तर प्रत्येक प्रणालीला फक्त त्या एका स्वरूपाशी जुळवून घ्यावे लागते. प्रमाणकांमागचा मूळ हिशोब एवढाच आहे.

संदेशांची प्रमाणके

या क्षेत्रातील सर्वांत प्रभावी संस्था एचएल-७ ही १९८७ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिने काढलेल्या, त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणकाच्या दुसऱ्या आवृत्तीचे संदेश आजही जगभरातील रुग्णालयांत अखंड वाहत असतात. रुग्ण दाखल झाला, त्याची खाट बदलली, रक्ततपासणीचा निकाल आला, अशा प्रत्येक घटनेसरशी एक संदेश निघतो. संदेशाच्या प्रत्येक ओळीच्या आरंभीची तीन अक्षरे ती ओळ कशाबद्दल आहे ते सांगतात. पीआयडी म्हणजे रुग्णाची ओळख, ओबीएक्स म्हणजे निरीक्षण किंवा तपासणीचा निकाल. ओळीतील रकाने उभ्या रेघेने वेगळे केलेले असतात. या आवृत्तीने स्थानिक गरजांसाठी मोकळीक ठेवली, बरेचसे रकाने ऐच्छिक केले आणि झेड अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी प्रत्येकाने स्वतःच्या सोयीने भराव्यात अशी मुभा दिली. तिचा प्रसार याच मोकळिकीमुळे झाला आणि तिच्याबद्दलची तक्रारही याच मोकळिकीची आहे. प्रमाणक एकच पाळणाऱ्या दोन रुग्णालयांचे संदेश एकमेकांना समजावेत म्हणून मध्ये इंटरफेस इंजिन नावाची भाषांतर करणारी प्रणाली बसवावी लागते.

तिसऱ्या आवृत्तीत हा सैलपणा घालवण्यासाठी संपूर्ण आरोग्यव्यवहाराचा एक काटेकोर संदर्भ-नमुना आधी रचून त्यातून सर्व संदेश काढण्याचा प्रयत्न झाला. तर्कदृष्ट्या तो निर्दोष होता, परंतु प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तो इतका जड गेला की काही राष्ट्रीय प्रकल्प वगळता त्याचा स्वीकार मर्यादितच राहिला. त्यातून टिकाऊ ठरली ती सीडीए ही दस्तऐवज-रचना. तिची दुसरी आवृत्ती २००५ मध्ये आली. डिस्चार्ज कार्डासारखा संपूर्ण दस्तऐवज माणसाला वाचता येईल असा मजकूर आणि संगणकाला कळतील असे संकेतांक यांसह पाठवण्याची सोय तिच्यात आहे, आणि माणसासाठीचा मजकूर तिने अनिवार्य केला आहे.

ऑस्ट्रेलियातील ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातून एचएल-७ चे फायर हे प्रमाणक उभे राहिले. इंटरनेटवरील सामान्य सेवा ज्या तंत्राने चालतात तेच तंत्र आरोग्य नोंदींसाठी वापरावे, हा त्यामागचा विचार होता. फायरमध्ये नोंद लहान, स्वतंत्र घटकांत विभागलेली असते. रुग्ण, भेट, निदान, निरीक्षण, औषधाची चिठ्ठी, ॲलर्जी यांपैकी प्रत्येक घटकाला स्वतःचा पत्ता असतो आणि एखादी वेबसाइट उघडावी तसा तो एचटीटीपी या इंटरनेटवरील संवाद-नियमाद्वारे जेसन किंवा एक्सएमएल या संगणकाला वाचता येणाऱ्या मजकूर-स्वरूपात मागता येतो. सर्व शक्यता मूळ प्रमाणकात न कोंबता बहुसंख्य प्रणालींना लागतात तेवढ्याच गोष्टी गाभ्यात ठेवल्या आहेत आणि उरलेल्यांसाठी विस्तार जोडण्याची शिस्तबद्ध पद्धत दिली आहे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीत रुग्ण आणि निरीक्षण यांसारखे काही घटक स्थिर घोषित झाले आणि त्यानंतर मोठ्या संस्थांनी तिच्यावर विसंबून गुंतवणूक सुरू केली. पाचवी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. विस्तारांची मुभा येथेही आहेच. म्हणून एखादा देश किंवा क्षेत्र कोणते रकाने अनिवार्य मानते आणि त्यांत कोणते संकेतांक भरायचे ते सांगणारी अंमलबजावणी-मार्गदर्शिका वेगळी काढावी लागते. नुसते ‘आमची प्रणाली फायर वापरते’ एवढे म्हटल्याने दोन प्रणाली जुळतील की नाही हे कळत नाही; दोघी कोणती मार्गदर्शिका पाळतात हे विचारावे लागते.

वैद्यकीय प्रतिमांसाठी डायकॉम हे स्वतंत्र प्रमाणक आहे. त्याचे आजचे रूप १९९३ पासूनचे असून या क्षेत्रात त्याला खऱ्या अर्थाने स्पर्धक नाही.

अर्थाची जुळणी

रकाना कोठे आहे हे ठरले तरी त्यात काय लिहायचे हा प्रश्न उरतो आणि त्यासाठी संकेतांकांच्या सूची लागतात. प्रयोगशाळेतील तपासण्यांसाठी लॉइंक ही सूची वापरतात. ती अमेरिकेतील रीगेनस्ट्रीफ संस्थेने १९९४ मध्ये सुरू केली. लक्षणे, निदाने, शस्त्रक्रिया, शरीराचे अवयव यांसाठी स्नोमेड सीटी आहे. अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांची संज्ञासूची आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची संज्ञासूची यांच्या विलीनीकरणातून ती २००२ मध्ये तयार झाली. तिच्यात ३ लाखांहून अधिक संकल्पना असून त्यांचे परस्परसंबंधही नोंदलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी हे वर्गीकरण यांहून जुने आहे, पण त्याचा मूळ हेतू मृत्यू आणि आजार यांची आकडेवारी हा आहे. प्रत्येक रुग्ण कोणत्या तरी एका कप्प्यात बसलाच पाहिजे या गरजेपोटी त्यात ‘इतर’ आणि ‘अनिर्दिष्ट’ असे कप्पे ठेवावे लागतात. स्नोमेडमधील नेमके निदान आयसीडीत नेता येते; आयसीडीतून मागे येताना मात्र गेलेला तपशील परत मिळत नाही. बिलासाठी टाकलेल्या आयसीडी संकेतांकांवरून रुग्णाचा वैद्यकीय इतिहास उभा करणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

तपासणीचा एक साधा निकाल घेतला तरी अडचण किती बारीक असते ते दिसते. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ७.० मिलिमोल प्रति लिटर ही एकाच स्थितीची दोन मापे आहेत. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे एकक रूढ आहे. लॉइंकमध्ये सीरम किंवा प्लाझ्मातील ग्लुकोजच्या वस्तुमानाच्या एककातील मापनाला २३४५-७ आणि मोलच्या एककातील मापनाला १४७४९-६ असे दोन वेगळे संकेतांक आहेत. घेणारी प्रणाली पहिल्याच संकेतांकाचा आलेख काढत असेल तर दुसऱ्याखाली आलेले निकाल आलेखातून निमूट गळतात. एकक न तपासता फक्त आकडा उचलला गेला तर चूक याहून गंभीर होते. संदेश पोहोचला, पोच मिळाली, कोठेही त्रुटी नोंदली गेली नाही, आणि तरीही डॉक्टरांसमोरचे चित्र अपुरे राहिले, असा हा प्रकार असतो.

रिकामा रकाना ही दुसरी अडचण आहे. ॲलर्जीच्या यादीत काहीच नसेल तर रुग्णाला ॲलर्जी नाही, त्याला कोणी विचारले नाही, की विचारले पण पाठवणाऱ्या प्रणालीने तो भाग सामायिक केला नाही, हे यादीवरून ठरवता येत नाही. ‘ज्ञात ॲलर्जी नाही’ ही स्वतंत्र नोंद म्हणून लिहिण्याची सोय स्नोमेड आणि फायर या दोहोंत यासाठीच ठेवली आहे. ती वापरण्याची शिस्त मात्र कोणतेही प्रमाणक लावू शकत नाही.

रुग्णाची ओळख

आलेली नोंद नेमकी कोणाची आहे हे ठरवण्यासाठी रुग्णांची मध्यवर्ती सूची ठेवली जाते. देशव्यापी आरोग्य क्रमांक असेल तर काम सोपे होते. नसेल तेथे नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता यांच्या साम्यावरून संभाव्यता मोजून जुळणी करतात. नावाचे वेगवेगळे लेखन, लग्नानंतर बदललेले आडनाव आणि जन्मतारीख ठाऊक नसल्याने घातलेली १ जानेवारी ही तारीख यांमुळे जुळणी फसते. एका व्यक्तीच्या नोंदी दोन ठिकाणी विभागल्या गेल्या तर माहिती अपुरी राहते; दोन व्यक्तींच्या नोंदी एकत्र झाल्या तर एकीचा रक्तगट किंवा औषध दुसरीच्या नावावर चढते. ही दुसरी चूक अधिक घातक असल्याने शंकास्पद जुळण्या माणसाकडून तपासून घेण्याची पद्धत आहे.

सुरक्षा आणि संमती

एचएल-७ च्या जुन्या संदेशांसाठी वापरला जाणारा वाहतूक-नियम स्वतः कोणतेही कूटबद्धीकरण (परक्याला वाचता येऊ नये म्हणून माहितीचे गुप्त संकेतांत रूपांतर) करत नाही. रुग्णालयाच्या आतील जाळे विश्वासार्ह आहे असे त्यात गृहीत होते. संदेश भिंतीबाहेर जाऊ लागल्यावर ते टीएलएस या कूटबद्ध संवादाच्या नियमाच्या आवरणातून पाठवणे आवश्यक झाले. दोन संस्थांच्या सर्व्हरनी एकमेकांची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रे तपासूनच संवाद सुरू करावा ही रीतही त्याबरोबर रूढ झाली. ॲपना नोंदी पाहण्याचा अधिकार देण्यासाठी फायरच्या जोडीने स्मार्ट ही चौकट वापरली जाते. तिचा उगम बोस्टनमधील बालरुग्णालय आणि हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालय यांच्या २०१० मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. ओऑथ २.० या परवानगी देण्याबाबतच्या २०१२ च्या प्रमाणकावर आधारलेल्या या चौकटीत रुग्ण किंवा डॉक्टर आपला पासवर्ड ॲपला देत नाहीत. नोंदी सांभाळणारी प्रणाली त्यांची ओळख स्वतः पटवते आणि ॲपला अल्पकाळ चालणारे, मर्यादित अधिकाराचे टोकन, म्हणजे डिजिटल परवाना, देते. एखाद्या टोकनाने केवळ एकाच रुग्णाची निरीक्षणे वाचता येतात, बदलता येत नाहीत, इतका बारीक अधिकार त्यात लिहिता येतो.

मात्र टोकन खरे आहे एवढे पाहून थांबणाऱ्या प्रणाली धोकादायक असतात. वैध टोकन असलेल्याने मागणीतील रुग्णक्रमांक बदलला आणि सर्व्हरने हा क्रमांक त्या टोकनाच्या कक्षेत आहे का हे तपासले नाही, तर दुसऱ्याची नोंद कोणतेही कूटबद्धीकरण न फोडता हाती येते. अशा प्रकारच्या उणिवेला सुरक्षातज्ज्ञ एपीआयच्या (एका प्रणालीने दुसरीकडे माहिती मागण्यासाठी ठेवलेल्या प्रवेशद्वाराच्या) उणिवांत अग्रस्थान देतात.

संमतीचा प्रश्न तंत्रापेक्षा गुंतागुंतीचा आहे. कोणत्या नोंदी, कोणाला, कशासाठी आणि किती काळ दाखवायच्या हे रुग्णाने ठरवावे आणि तो निर्णय संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात साठवला जावा, हे तत्त्व सर्वमान्य आहे. दिलेली संमती मागे घेता येते, पण तोवर दुसरीकडे पोहोचलेली प्रत त्यामुळे परत येत नाही. मानसिक आजार किंवा एचआयव्ही यांच्या नोंदींना संवेदनशील असे लेबल लावून त्या वगळता येतात. परंतु औषधांची यादी तशीच गेली तर तिच्यावरून निदानाचा अंदाज कोणत्याही डॉक्टरांना येतो, आणि यादीही वगळली तर औषधांच्या परस्परविरोधी परिणामांचा इशारा देता येत नाही. यावर सर्वांना समाधानकारक असा तोडगा नाही. बेशुद्ध रुग्णाच्या नोंदींत डॉक्टरांना तातडीचा प्रवेश देण्याची तरतूद असते, परंतु असा प्रत्येक प्रवेश कारणासह नोंदवून नंतर तपासला जातो. कोणी, केव्हा, काय पाहिले याची नोंद ठेवण्यासाठी फायरमध्ये स्वतंत्र घटक आहे. एस्टोनियात २००८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय आरोग्य प्रणालीत आपली नोंद कोणी उघडली हे रुग्णाला स्वतः पाहता येते. अधिकृत प्रवेश असलेल्या माणसाच्या कुतूहलाला कूटबद्धीकरण आवर घालू शकत नाही. ते काम अशी उघड नोंद बऱ्याच अंशी करते.

रचना आणि कायदे

सर्व नोंदी एका मध्यवर्ती भांडारात आणणे किंवा त्या जेथे निर्माण झाल्या तेथेच ठेवून मागणीनुसार मिळवणे, असे रचनेचे दोन मुख्य मार्ग आहेत. बहुतेक देशांत त्यांचे मिश्रण आढळते. मध्यवर्ती भांडारातून उत्तर लवकर मिळते, पण तेथील एकाच गळतीची व्याप्ती फार मोठी असते. विखुरलेल्या रचनेत एखाद्या लहान दवाखान्याचा सर्व्हर बंद पडला की तेवढा इतिहास दिसेनासा होतो. भारतात २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशव्यापी आरंभ झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने दुसरा मार्ग घेतला आहे. त्यात नोंदी मूळ संस्थेकडेच राहतात, व्यक्तीला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो, आणि संमती-व्यवस्थापक हा मध्यस्थ रुग्णाची परवानगी तपासून देवाणघेवाण घडवतो; स्वतः नोंदी साठवत नाही.

प्रमाणके उपलब्ध असूनही जोडणी होत नाही याचे कारण अनेकदा व्यापारी असते, कारण नोंदी सहज हलवता आल्या तर ग्राहकही सहज हलतो. अमेरिकेत २००९ च्या हायटेक कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी अनुदान दिले आणि रुग्णालयांनी त्या स्वीकारल्याही, पण त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हणून डिसेंबर २०१६ च्या २१ व्या शतकातील उपचार कायद्याने माहितीची अडवणूक करण्यास मनाई केली आणि २०२० च्या नियमांनी प्रमाणित प्रणालींना फायरच्या चौथ्या आवृत्तीवर आधारित एपीआय देणे भाग पाडले. युरोपमध्ये जानेवारी २०१९ पासून फिनलंडमध्ये लिहिलेल्या इलेक्ट्रॉनिक चिठ्ठीवर एस्टोनियातील औषधालयांत औषधे मिळू लागली. युरोपीय आरोग्य डेटा क्षेत्राचा नियम २६ मार्च २०२५ रोजी अमलात आला असून त्यानुसार रुग्ण-सारांश आणि औषधांच्या चिठ्ठ्यांची देवाणघेवाण युरोपीय संघाच्या सर्व सदस्य राष्ट्रांत मार्च २०२९ पर्यंत, तर वैद्यकीय प्रतिमा, प्रयोगशाळेचे निकाल आणि डिस्चार्ज अहवाल यांची मार्च २०३१ पर्यंत सुरू व्हायची आहे.