कॅसेटच्या एका बाजूत मावणारा अल्बम

६० मिनिटांची कोरी कॅसेट घेतली की एका बाजूला ३० मिनिटं मिळायची. कॅसेट भरून घ्यायच्या त्या दिवसांत बहुतेक अल्बम या हिशेबात बसत नसत. शेवटचं गाणं मध्येच तुटायचं आणि उरलेलं आपण मनात पूर्ण करायचो. थ्रॅश मेटल, म्हणजे अतिवेगवान हेवी मेटल, वाजवणाऱ्या स्लेअर या अमेरिकन बँडचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ मात्र बरोब्बर बसायचा. १० गाणी, २९ मिनिटं. कंपनीच्या मूळ कॅसेटवर तर दोन्ही बाजूंना हाच अख्खा अल्बम होता. एक बाजू संपली की उलटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. गिटारवादक केरी किंगला स्वतःलाही ही सोय आवडायची.

नावातला ‘रेन’ राज्य करणारा आणि शेवटच्या ‘रेनिंग ब्लड’ गाण्यातला पाऊस पाडणारा. इंग्रजीत स्पेलिंग दोघांना वेगळं ठेवतं. देवनागरीत लिहिलं की दोघे एकच होतात, आणि अल्बम ऐकल्यावर तेच बरोबर वाटतं.

हा अल्बम इतका छोटा का झाला, हे समजायला आधीचे दोन बघावे लागतात. स्लेअर १९८१ मध्ये लॉस एंजलिसजवळच्या हंटिंग्टन पार्कात जमले. गायक आणि बासवादक टॉम अराया मूळचा चिलीचा, ड्रमर डेव्ह लोंबार्डो क्युबाचा. दोघेही लहानपणीच अमेरिकेत आलेले. गिटारवर केरी किंग आणि जेफ हॅनमन. अराया तेव्हा श्वसनोपचार तंत्रज्ञ म्हणून नोकरी करत होता. त्याची बचत आणि किंगच्या वडिलांकडून घेतलेले उसने पैसे यांवर १९८३ चा पहिला अल्बम ‘शो नो मर्सी’ निघाला. लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, होतं ब्रायन स्लेगलचं मेटल ब्लेड. त्या अल्बमवर आयर्न मेडन, जूडास प्रीस्ट आणि व्हेनम या बँडची छाप अजून ओली आहे.

१९८५ चा ‘हेल अवेट्स’ याच्या दुसऱ्या टोकाला गेला. ७ गाणी, ३७ मिनिटं. तीन गाणी सहा मिनिटांच्या वर. लांबलचक सुरुवाती, एकावर एक रचलेले रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) आणि सगळ्यावर घुमारा, जणू तळघरात बसून वाजवताहेत. मला तो अल्बम आवडतो, पण त्यात एक रिफ दुसऱ्याच्या सावलीत हरवतो हे मान्य करावं लागेल. त्याच वाटेने गेले असते तर स्लेअर आणखी लांब, आणखी गुंतागुंतीची गाणी करत राहिले असते. मेटॅलिका हा दुसरा थ्रॅश बँड तेव्हा तेच करत होता, आणि फार उत्तम करत होता.

वाट बदलली त्याला एक कारण हॅनमन. तो हार्डकोर पंकचा, म्हणजे रॉकच्या एका झटपट, आक्रमक प्रकाराचा, भक्त होता. डेड केनेडीज, मायनर थ्रेट, डी.आर.आय. अशा बँडची दीड-दोन मिनिटांची गाणी त्याच्या डोक्यात होती. पंकवाल्यांना सुरुवात सजवायची हौस नसते. आले, वाजवलं, गेले. किंग आणि हॅनमन दोघेही पुढे सांगत की तोच रिफ पुन्हा पुन्हा वाजवायचा कंटाळा यायचा, म्हणून एकदा म्हणून झालं की पुढे सरकायचं. ‘नेक्रोफोबिक’ १ मिनिट ४० सेकंदांत संपतं.

दुसरं कारण न्यूयॉर्कहून आलं. संगीत निर्माता रिक रूबिनने विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीतून डेफ जॅम हे लेबल सुरू केलं होतं आणि रसेल सिमन्सबरोबर ते वाढवलं. एल.एल. कूल जे, बीस्टी बॉइज ही त्याची मंडळी. अशा हिप-हॉपवाल्याने स्लेअरला करारबद्ध केलं तेव्हा तो जेमतेम २३ वर्षांचा होता. (ही सोयरीक दोन्ही बाजूंनी चालली. १९८६ च्याच, बीस्टी बॉइजच्या ‘नो स्लीप टिल ब्रुकलिन’मधला गिटार सोलो केरी किंगचा आहे. १९८८ मध्ये पब्लिक एनिमी या रॅप गटाने ‘रेन इन ब्लड’मधल्या ‘एंजल ऑफ डेथ’चा रिफ उचलून आपल्या गाण्यात वापरला.)

सुरुवातीच्या हिप-हॉपमध्ये ढोलाचा ठोका थेट कानाशी येतो, आजूबाजूला काही नसतं. रूबिनने आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या अँडी वॉलेसने तीच नजर स्लेअरवर लावली. घुमारा काढून टाकला. हे आवडीनिवडीपुरतं नव्हतं, त्यात साधं गणित आहे. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके असलेल्या चालीत गिटारवर सेकंदाला तेराएक आघात होतात. एका आघाताचा घुमारा विरायच्या आत पुढचे चार-पाच येऊन पडले की ऐकणाऱ्याला नुसता गोंगाट मिळतो. घुमारा काढला की प्रत्येक घाव सुटा ऐकू येतो. म्हणून हा अल्बम आधीच्यापेक्षा वेगवान आहे त्याहून कितीतरी अधिक वेगवान भासतो. लोंबार्डोचे पाय खऱ्या अर्थाने इथेच पहिल्यांदा ऐकू आले. ‘एंजल ऑफ डेथ’च्या उत्तरार्धात बाकी सगळे थांबतात आणि फक्त त्याचे दोन बास ड्रम काही क्षण धावतात. तो तुकडा ऐकून किती ड्रमरांनी दुसरा पेडल विकत घेतला असेल, कोण जाणे.

काम लॉस एंजलिसच्या हिट सिटी वेस्ट स्टुडिओत झालं. संपल्यावर लांबी मोजली तेव्हा बँडवालेच चक्रावले, एवढ्यात अल्बम होतो का? १० गाणी आहेत, कडवी आहेत, सोलो आहेत, म्हणजे अल्बम झाला, असं रूबिनचं म्हणणं होतं. सोलोंबद्दल माझं मत विचाराल तर ते सूर शोधत नाहीत, किंचाळतात. हॅनमन-किंगच्या गिटार एकमेकींवर ओरडतात तेव्हा त्यात संगीत शोधायला जाऊ नये.

आता अवघड भाग. पहिलं गाणं, ‘एंजल ऑफ डेथ’, ऑशविट्झच्या छळछावणीत कैद्यांवर, विशेषतः जुळ्या मुलांवर, अमानुष प्रयोग करणाऱ्या योझेफ मेंगेलेबद्दल आहे. १९८५ च्या जूनमध्ये ब्राझीलमध्ये त्याचं थडगं उकरून अवशेषांची ओळख पटवली गेली. तो १९७९ मध्येच मेला होता, म्हणजे पकडला न जाताच. हॅनमनने दौऱ्यावर असताना त्याच्याबद्दलची पुस्तकं वाचली आणि हे गाणं लिहिलं. हॅनमनचे वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेले. युद्धाच्या गोष्टी आणि पदकं घरातच होती. त्याचं उत्तर ठरलेलं असे: मेंगेले वाईट होता हे मी सांगायला हवं का, ते उघडच नाही का?

मला हे उत्तर अर्धंच पटतं. गाण्याचे शब्द न्यायालयातल्या नोंदीसारखे कोरडे आहेत. कौतुक त्यात नाही हे खरं, पण करुणाही नाही. ज्यांचे आप्त त्या छावणीतून परत आले नाहीत त्यांना तो कोरडेपणा बोचला तर त्यांना चूक म्हणता येत नाही. रूबिन स्वतः ज्यू होता, अरायाचं कुटुंब लॅटिन अमेरिकेतून आलेलं, तरीही बँडला पुढे अनेक वर्षं नाझीधार्जिणेपणाच्या आरोपांना तोंड द्यावं लागलं. हॅनमनला जर्मन युद्धपदकं जमवायचा नाद होता, त्याने आरोपांना खतपाणीच मिळालं.

त्यात काळही तापलेला होता. सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकन सिनेटसमोर गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी झाली होती. टिपर गोर आणि इतर राजकारण्यांच्या पत्नींनी अल्बमवर इशाऱ्याची पट्टी लावायची मागणी लावून धरली होती. डेफ जॅमचं वितरण करणाऱ्या कोलंबिया या कंपनीने हे गाणं आणि मुखपृष्ठ पाहून अल्बम बाजारात आणायला नकार दिला. मुखपृष्ठ लॅरी कॅरोलचं. वृत्तपत्रांसाठी राजकीय चित्रं काढणारा माणूस. रक्ताच्या नरकसागरातून खांद्यांवरून मिरवला जाणारा बोकडतोंड्या राजा त्याने काढला. बँडलाही ते आधी फारसं रुचलं नव्हतं. मग कुणाच्या तरी आईला दाखवलं, तिला किळस आली, आणि मंडळींना चित्र योग्य असल्याची खात्री पटली.

अखेर गेफेन या दुसऱ्या कंपनीने वितरण केलं, पण आपल्या अधिकृत प्रकाशनयादीत अल्बमचं नाव न घालता. ७ ऑक्टोबर १९८६ ला तो बाजारात आला. त्याच्या दहाच दिवस आधी, २७ सप्टेंबरला, मेटॅलिकाचा बासवादक क्लिफ बर्टन स्वीडनमध्ये बस उलटून मरण पावला होता. थ्रॅशसाठी ते वर्ष भरभराटीचं आणि सुतकाचं एकदमच. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मार्चमध्ये आला होता, मेगाडेथचा ‘पीस सेल्स’ही त्याच वर्षातला, आणि जर्मनीतून क्रिएटरचा ‘प्लेझर टू किल’.

रेडिओवर वाजण्याचा प्रश्नच नव्हता, तरी ‘रेन इन ब्लड’ बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत ९४ व्या क्रमांकापर्यंत गेला आणि १९९२ मध्ये अमेरिकेत गोल्ड (पाच लाख प्रतींचा टप्पा) ठरला. पैसा मात्र लगेच आला नाही. त्याच दौऱ्यात लोंबार्डो घरभाडं निघत नाही म्हणून बँड सोडून गेला. काही काळ व्हिपलॅश बँडचा टोनी स्कॅग्लिओनी ड्रम्सवर बसला. लोंबार्डो पुढच्याच वर्षी परतला, आणि नंतरही पुन्हा जात-येत राहिला.

भारतात स्लेअर आले ते २०१२ च्या ऑक्टोबरात, बंगळुरूला. लोंबार्डो होता, पण हॅनमन हाताच्या गंभीर संसर्गामुळे मंचापासून दूर होता. त्याच्या जागी एक्झोडस बँडचा गॅरी होल्ट. पुढच्या मे महिन्यात हॅनमन गेला. त्याला मंचावर पाहायचं आपल्याकडच्या चाहत्यांचं राहूनच गेलं.

अल्बम संपतो तो पावसाच्या आवाजावर. गिटारांचा शेवटचा कल्लोळ मेघगर्जनेसारखा फुटतो आणि मग मिनिटभर फक्त सरी पडत राहतात. अख्ख्या अल्बममध्ये दम घ्यायला मिळणारी जागा ही एवढीच. पुढच्या अल्बमला सगळ्यांना वाटलं की आणखी वेग येणार. हॅनमनने उलट सांगितलं: याच्या पुढे वेगाने जाता येणार नाही, म्हणून सावकाश जायचं. १९८८ चा ‘साउथ ऑफ हेवन’ एका संथ, रांगत येणाऱ्या रिफने सुरू होतो. चिडलेले चाहते तेव्हा पुष्कळ होते. मीही त्यांच्यातला, बरीच वर्षं.