व्हिलेज, टाउनलँड आणि सात अक्षरांचा पिनकोड

आयर्लंडच्या ग्रामीण भागाविषयी वाचताना ‘व्हिलेज’ म्हणजे आपलं गाव असं धरलं की घोळ होतो. व्हिलेजमध्ये चर्च, शाळा, एकदोन पब, दुकान असतं. माणसं मात्र बरीचशी भोवतालच्या शेतांत, एकेका सुट्या घरात राहतात. त्यांचा पत्ता म्हणजे ‘टाउनलँड’, आणि त्यात टाउन औषधालाही नाही. सातबाऱ्यावरचं ‘मौजे’ डोळ्यांसमोर आणा: मुळात जमिनीचा तुकडा, वर वस्ती असो वा नसो. आपल्याकडे बेचिराग मौजे असतात, तिकडे बेचिराग टाउनलँड. एकूण संख्या ६०,००० च्या वर.

नावं जुनी, आयरिश. १८२४ पासून ब्रिटिशांनी मोजणी करून मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे काढले, तेव्हा ती इंग्रजी स्पेलिंगात कोंबली गेली. वस्ती या अर्थाच्या ‘बाल्या’चं ‘बॅली’ झालं ते नकाशावर तसंच राहिलं. दाटीवाटीच्या जुन्या वस्त्या १८४५ नंतरच्या दुष्काळात नि त्यापाठच्या जमीन-फेररचनेत बऱ्याच मोडल्या.

घरांना क्रमांक नाहीत, रस्त्यांना नावं नाहीत. एकाच टाउनलँडमध्ये एकाच आडनावाची चार घरं असली, तर बापाचं, आजोबाचं नाव जोडून माणूस ओळखायचा. पाकिटावर नाव, टाउनलँड, जवळचं टपाल गाव, काउंटी (जिल्हा), बस्स. बाकीचं पोस्टमनच्या डोक्यात. उत्तर आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकात टपाल खात्याने रस्त्यांची नावं आणि घरक्रमांक आणले, टाउनलँड पत्त्यातून गळाली. तिथल्या फर्माना काउंटीने मात्र हट्टाने विरोध केला.

दक्षिणेत, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकात, पिनकोड आला तो थेट जुलै २०१५ मध्ये. तोवर देशातले तिसऱ्या हिश्शाहून अधिक पत्ते एकमेकांशी जुळणारे होते, म्हणून प्रत्येक पत्त्याला अक्षरं नि आकडे मिळून सात चिन्हांचा स्वतंत्र कोड दिला. पहिली तीन चिन्हं टपाल विभागाची. उरलेली चार मुद्दाम विस्कटलेली, त्यामुळे शेजारच्या दोन घरांच्या कोडचा एकमेकांशी काही संबंध नाही. मालवाहतूकदार यावरच चिडले: कोड बघून घर कुठल्या बाजूला ते कळत नाही, प्रत्येक वेळी डेटाबेस उघडा! गोपनीयतेचं कारण पुढे करण्यात आलं. माझ्या मते ते लंगडं होतं. क्रमवार कोड दिला असता तर मध्ये नवं घर उभं राहिल्यावर क्रम बिघडला असता, हा युक्तिवाद त्यापेक्षा दमदार.

आज रुग्णवाहिका बोलावताना हाच कोड सांगतात, आणि कुरियरवालाही फोन करून ‘चर्चपासून कुठल्या बाजूला?’ असं फारसं विचारत नाही. २०१८ मध्ये मात्र दीडशेहून अधिक ग्रामीण टपाल कार्यालयं बंद करायचं ठरलं. पेन्शन घ्यायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांची गप्पांची जागाही तीच होती.