टीसी नाही म्हणून प्रवेश नाही? असा नियमच नाही

दिवाळी सरली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे निघतात. पोरंही सोबत. कारखान्याजवळ कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि जवळच्या शाळेत चौकशी केली की अनेकदा ऐकायला मिळतं: आधी टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणा, जन्मदाखला आणा, आधार आणा. आईबापही मुकाट्याने परततात, कारण त्यांनाही हा नियमच वाटतो.

नियम उलटा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांबाबत स्पष्ट आहे. कलम ५: टीसी मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, अंगणवाडीतली नोंद किंवा पालकांनी लिहून दिलेलं वयही चालतं. प्रवेशाची मुदत संपली, हे कारणही कलम १५ मान्य करत नाही. आणि आधार? शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच सांगितलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कलम ४. कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत नव्हे, तर वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा. चौदा पूर्ण झाली तरी आठवीपर्यंतचं तिचं शिक्षण मोफतच.

तरीही नकार मिळाला, तर स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे किंवा नगरपालिकेकडे, लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निकाल देणं त्यांना बंधनकारक आहे.