ढेकळाच्या पोटातला डिटर्जंट

सांडपाणी प्रकल्पातल्या मैलागाळाचं अंड्याएवढं ढेकूळ हातमोजा घालून फोडा. कड तपकिरी, पोट काळंकुट्ट, वर कुजक्या अंड्याचा भपकारा. त्या काळ्या भागात प्राणवायू पोचलेलाच नसतो. हा गाळ खत म्हणून शेतात टाकतात; तिथेही ढेकूळ फुटलं नाही तर पोट आठवडेच्या आठवडे तसंच राहतं, आणि धुण्याच्या पावडरीतला डिटर्जंट तिथे तग धरून बसतो.

या डिटर्जंटचं नाव लिनिअर अल्किलबेन्झीन सल्फोनेट, थोडक्यात ‘लास’. त्याचा रेणू म्हणजे सहा कार्बनचं बेन्झीनचं कडं आणि त्याला जोडलेली १० ते १३ कार्बनची शेपटी. जिवाणू शेपटीच्या टोकापासून सुरुवात करतात, पण पहिला घास घ्यायलाच त्यांना प्राणवायू लागतो. पुढे दोन-दोन कार्बन तुटत जातात आणि शेवटी बेन्झीनचं कडं फोडायला पुन्हा प्राणवायू हवा. म्हणूनच बंद टाकीत गाळ कुजवला तरी लास जवळपास जसाच्या तसा उरतो. सुक्या गाळात किलोमागे काही ग्रॅमसुद्धा. ओलसर, हवेशीर मातीत मात्र एक ते तीन आठवड्यांत निम्मा संपतो.

आता हिशोब. गुंठ्याला १०० किलो सुका गाळ म्हणजे चौरस मीटरला साधारण एक किलो. प्रकल्पातून येणाऱ्या गाळात जेमतेम पाचवा हिस्सा सुका, त्यामुळे प्रत्यक्षात ५०० किलो टाकावा लागतो. वरच्या १५ सेंटीमीटर मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो. सुक्या गाळाच्या किलोत ५ ग्रॅम लास असला तर मातीत तो किलोमागे २५ मिलिग्रॅम होतो. हे अर्थात नीट मिसळला तरच.

कोकणात चूक होते ती वेळेची. चिखलणी केलेल्या भातखाचरात पाणी तुंबलेलं, म्हणजे सगळं खाचरच एक मोठं ढेकूळ. वरकस, म्हणजे चढावरच्या हलक्या जमिनीच्या, उतारावर जूनमध्ये टाकलात तर पहिल्याच सरींत गाळ वहाळात, म्हणजे ओढ्यात. दसरा-दिवाळीच्या सुमारास वरकस जमिनीत ओल असते, हवाही असते. फेब्रुवारीनंतर कातळाजवळची माती इतकी कोरडी पडते की जिवाणू थंडावतात. मातीचा मुठीत लाडू वळावा, पण पाणी निथळू नये, एवढी ओल पुरे. गाळ आधी पातळ पसरून सुकवा, दांड्याने बोराएवढा फोडा, मग पॉवर टिलर फिरवा. जांभ्याची माती आम्लधर्मी, तेव्हा चुना द्यायचाच तर दोन-तीन आठवडे आधी; गाळासोबत दिलात तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं. पालेभाज्यांना हा गाळ नकोच, त्यात जंतांची अंडी असतात.

गाळातलं सगळंच लाससारखं संपत नाही. डांबरगोळ्यांतलं दोन कड्यांचं नॅफ्थलीन लवकर जातं, धुरातलं पाच कड्यांचं बेन्झोपायरीन वर्षानुवर्षं राहतं. साबणातलं जंतुनाशक ट्रायक्लोसान ‘नाहीसं’ झालं असं वाटतं, पण त्यातलं काही मिथाइल-ट्रायक्लोसान बनून जास्तच टिकतं. आणि न चिकटणाऱ्या तव्यांसारख्या वस्तूंसाठी वापरल्या जाणाऱ्या पीफास गटातल्या रसायनांचा कार्बन-फ्लोरीन बंध मातीतल्या जिवाणूंना तुटत नाही, कितीही नांगरा. डेन्मार्कने गाळातल्या लासला किलोमागे १३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कॅडमियम, शिसं अशा धातूंच्या मर्यादा आहेत, डिटर्जंटची नाही. त्यामुळे ट्रॉली बांधावर रिकामी करण्याआधी गाळ कुठल्या गटारातला हे विचारा. औद्योगिक वसाहतीचं पाणी त्यात मिसळत असेल, तर ट्रॉली तशीच परत पाठवा.